मोठी मोटर घरात बसून खोलातलं पाणी ओढत नसते

नवं घर बांधताना आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: "भाऊ, दोन एचपीची घ्या, जिन्याखाली बसवा, विहीर कितीही खोल असू द्या."

हे खरं नाही. जमिनीवरची मोनोब्लॉक मोटर (मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात) पाईपातला दाब फक्त कमी करते. पाणी वर चढवतो तो विहिरीवरच्या हवेचा दाब. तो फार तर 10.3 मीटर पाणी पेलतो. घर्षण, वळणं, फुटव्हॉल्व्ह (पाईपाच्या तळाची झडप) धरले की हातात उरतात 6-7 मीटर, म्हणजे 20-23 फूट. एचपी वाढवून ही मर्यादा हलत नाही. म्हणून दिवाळीत सुरळीत चालणारी मोटर एप्रिलात नुसती घुरघुरते. पाणी 40 फुटांवर गेलेलं असतं, आणि आपण मिस्त्रीकडून वॉशर बदलून घेतो!

एचपी कामी येतो तो पाणी वर ढकलताना. तेव्हा पंप पाण्यातच हवा: विहिरीत सबमर्सिबल, तळापासून चार-पाच फूट वर, नाहीतर गाळ खाते. वजन पाईप आणि दोरावर. केबलवर अजिबात नाही.

घरात येतो फक्त स्टार्टर. कोरड्या भिंतीवर, हाताला येईल असा, मोरीपासून लांब. पाणी संपलं की मोटर बंद करणारं ड्राय-रन पॅनल घ्याच.

विदर्भात पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणी खारट असतं, किंवा पाण्यात फ्लोराईड जास्त असलेल्या गावात आरओ (पाणी शुद्ध करणारं यंत्र) स्वयंपाकघरात, टाकीनंतर, पिण्यापुरता. सगळ्या घराला कशाला?