डेलर ते जारुस्की : गायकांनी चालवलेल्या बरोक वृंदांची पार्श्वभूमी

बरोक (सुमारे 1600 ते 1750 या काळातील युरोपीय) संगीत त्या काळच्या वाद्यांवर आणि त्या काळच्या रिवाजाने सादर करणारे नावाजलेले वृंद बहुतांशी वादकांनीच उभे केले. व्हिएन्नाचे हार्नोनकूर्ट चेलोवादक होते, अ‍ॅम्स्टरडॅमचे लिओनहार्ट हार्पसिकॉर्डवादक. गायकाने उभ्या केलेल्या वृंदांचा माग काढताना मात्र इंग्लंडमधील कँटरबरीच्या कॅथीड्रलपर्यंत (मोठ्या चर्चपर्यंत) जावे लागते.

अठराव्या शतकातील इटालियन ऑपेरांत नायकाची भूमिका अनेकदा कास्त्रातो (आवाज फुटू नये म्हणून बालपणीच खच्ची केलेल्या पुरुष) गायकाच्या उंच आवाजासाठी लिहिलेली असे. तो आवाज कालबाह्य झाल्यावर, 1920 नंतर जर्मनीत अठराव्या शतकातील संगीतकार हँडेलच्या ऑपेरांचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा अशा भूमिका एक सप्तक खाली उतरवून भारदस्त पुरुषी आवाजांना देण्यात आल्या आणि गळा व व्हायोलिन यांचे मूळ नाते विस्कटले. पुरुषाने खोटा आवाज (फॉल्सेटो) लावून आल्टो, म्हणजे उंच पट्टीची स्वरपंक्ती, गाण्याची निराळी, जुनी परंपरा इंग्लंडच्या कॅथीड्रलांत मात्र टिकून होती. कँटरबरीत 1940 पासून गाणारे आल्फ्रेड डेलर तिच्यातलेच. त्यांचा गळा बराचसा स्वतःच घडवलेला होता. महायुद्धाच्या काळात संगीतकार मायकेल टिपेट यांनी त्यांना तेथे ऐकले आणि लंडनच्या श्रोत्यांपुढे आणले.

डेलर यांनी 1948 मध्ये ‘डेलर कन्सॉर्ट’ स्थापन केला. प्रत्येक स्वरपंक्तीला एकच गायक, आणि प्रमुख स्वतः गायकांच्या ओळीत उभा. अशा मांडणीत संगीताची दिशा शब्दाच्या अंगाने ठरते. सतराव्या शतकातील इंग्रज संगीतकार पर्सेलच्या ‘म्युझिक फॉर अ व्हाइल’ या गीतात सूडदेवता अलेक्टोच्या मस्तकावरून साप गळून पडतात, तेथे ‘ड्रॉप’ हा शब्द तुटक तुटक पुन्हा पुन्हा येतो. खालची बासची आवर्तने संथपणे चालू असताना तो नेमका कोठे टाकायचा, हे गाणाऱ्याच्या श्वासावरच ठरते.

1954 मध्ये डेलर यांनी लिओनहार्ट आणि हार्नोनकूर्ट यांच्या साथीने बाखचे दोन कँटाटा (गायन व वाद्यमेळासाठीच्या रचना) ध्वनिमुद्रित केले. जुन्या इंग्रजी गायकीची आणि तातीच्या तारांची वाद्ये पुन्हा हाती घेणाऱ्या युरोपीय वादकांची ही गाठ, माझ्या मते, या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना आहे.

डेलर यांचे प्रोत्साहन लाभलेले बेल्जियमचे काउंटरटेनर (खोट्या आवाजात उंच गाणारे पुरुष गायक) रने याकोब्स यांनी 1977 मध्ये ‘कॉन्चेर्तो व्होकाले’ स्थापन केला. पुढे फ्रान्समध्ये 2002 मध्ये काउंटरटेनर फिलिप जारुस्की यांचा ‘आर्तासेर्से’ आणि 2006 मध्ये काउंटरटेनर राफाएल पिशों यांचा ‘पिग्मालियों’ उभा राहिला. ऑपेराचा पसारा मात्र ओळीत उभे राहून सांभाळता येत नाही. याकोब्स आणि पिशों गाणे मागे ठेवून संचालनाकडे वळले, आणि खुद्द डेलर यांनीही पर्सेलच्या रंगमंचीय कृतींसाठी अखेरच्या दशकात संचालकाची जागा घेतली होती.