एका प्रदक्षिणेत अर्धं वळण

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा तो जुना मेसेज पुन्हा फिरला: कोरियात एलके-99 नावाचा, नेहमीच्या तापमानालाही अतिसंवाहक असणारा, म्हणजे विजेला शून्य रोध करणारा पदार्थ सापडलाय, आता वीज वाया जाणं बंद. 2023 च्या जुलैतला हा दावा काही आठवड्यांतच कोसळला. नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती. थंड होताना साधारण 104 अंश सेल्सिअसला त्याची रचना बदलते आणि रोध एकदम घसरतो. मीटरचं वाचन बरोबर होतं, फक्त ते भलत्याच पदार्थाचं होतं. असे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी आणि ‘क्वांटम ऊर्जे’ची लॉकेटं विकत घेणाऱ्यांनी एवढं एकच विचारावं: नेमकं काय मोजलं?

हाच चकवा एका अस्सल अतिसंवाहकानेही दिला होता.

बेडनॉर्झ आणि म्युलर या शास्त्रज्ञांना 1986 साली सापडलेल्या तांब्याच्या ऑक्साइडांत इलेक्ट्रॉन कमी केले की अतिसंवाहकता येते. 1989 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उलटं केलं. तांबं आणि निओडिमियम या धातूंच्या ऑक्साइडात निओडिमियमच्या काही अणूंच्या जागी सेरियम घालून इलेक्ट्रॉन वाढवले. हा पदार्थ सुमारे 24 केल्विनला, म्हणजे उणे 249 अंशांना अतिसंवाहक होतो.

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं वावरतात आणि सगळ्या जोड्यांची मिळून एकच लहर असते. तिचं वर्णन करणारी राशी म्हणजे ऑर्डर पॅरामीटर. ती सर्व दिशांना सारखी असेल तर एस-सममिती. डी-सममितीत मात्र ती चार पाकळ्यांच्या रांगोळीसारखी दिसते: समोरासमोरच्या दोन पाकळ्या अधिक, उरलेल्या दोन उणे, आणि पाकळ्यांच्या मधल्या दिशांना शून्य. शून्याच्या दिशांना जरा उष्णता मिळाली तरी जोड्या तुटतात, म्हणून तापमान किंचित वाढलं तरी, एरवी पृष्ठभागापाशीच अडणारं चुंबकक्षेत्र अधिक खोल शिरतं. इलेक्ट्रॉन वाढवलेल्या पदार्थात ही खोली जवळजवळ स्थिर दिसली, म्हणून 1990 च्या दशकात अनेकांनी त्याला ‘एस’ ठरवलं.

पण निओडिमियमचे आयन स्वतःच चिमुकले चुंबक आहेत आणि थंडी वाढेल तसा त्यांचा प्रतिसाद वाढतो. थंड करताना खोलीत एकीकडे घट, दुसरीकडे या चुंबकांमुळे मोजमापात वाढ, आणि आलेख सपाट!

मग खात्री कशी करायची? इथून पुढचा प्रयोग मला फार प्रिय आहे. लहरीची फेज म्हणजे घड्याळाचा काटा समजा. अतिसंवाहकात एका बिंदूभोवती प्रदक्षिणा घातली की काटा निघाला तिथेच परत यायला हवा. म्हणून आत अडकलेला चुंबकीय प्रवाह, म्हणजे तिथून जाणारं एकूण चुंबकक्षेत्र, ठरावीक एककाच्या पूर्ण पटीतच असतो. हे एकक 2.07 गुणिले 10 चा उणे 15 वा घात वेबर इतकं आहे. पुण्यात तांबड्या रक्तपेशीएवढ्या चौकोनातून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा साधारण एवढाच प्रवाह जातो.

आता स्फटिकाचे तीन तुकडे वेगवेगळ्या कोनांत असे जोडा, की डी-सममिती असेल तर एका फेरीत अधिकची पाकळी विषम वेळा उणेच्या पाकळीला भिडेल. काटा बारावरून सहावर उडी घेतो. परत बारावर यायला उरलेलं अर्धं वळण कुणीतरी भरायला हवं. ते पदार्थ स्वतःच भरतो. बाहेरून काहीही न देता तिथे विद्युतधारा सुरू होते आणि सांध्यावर बरोबर अर्धं एकक चुंबकीय प्रवाह उभा राहतो. एस-सममितीत उडीच नाही, त्यामुळे अर्धंही नाही.

त्सुएई आणि कर्टली या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन वाढवलेल्या पदार्थांच्या पातळ थरांवर हे करून पाहिलं आणि 2000 साली निकाल छापला. निओडिमियमच्या पदार्थातही अर्धं एकक, निओडिमियमऐवजी प्रेझिओडिमियम असलेल्या पदार्थातही अर्धंच; म्हणजे डी-सममिती. निओडिमियमचे चिमुकले चुंबक तिथेही होतेच, पण काट्याची उडी मोजण्यात त्यांना ढवळाढवळ करता आली नाही.

या रांगोळीच्या पाकळ्या मात्र वेगळ्याच निघाल्या. पुढच्या मोजमापांत त्यांची सर्वाधिक उंची टोकाशी न दिसता टोक आणि शून्याची दिशा यांच्या अधेमधे दिसली.