जुन्या गाडीला वापरलेला कॅट बसवायचाय? कॅलिफोर्नियात आणि बाकी अमेरिकेत काय चालतं, कागद कुठले लागतात

बे एरियात आपल्यातलं कोणी ना कोणी सारखं हेच विचारत असतं म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. जुनी प्रियस किंवा अकॉर्ड असते, रात्री कोणीतरी खालून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग, कापून नेतं, सकाळी गाडी चालू केली की ट्रॅक्टरसारखा आवाज, डीलरकडे विचारावं तर तो गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा आकडा सांगतो, आणि मग एखादा मित्र म्हणतो जंकयार्डातून तसाच कॅट काढून आणू, मेकॅनिक लावून देईल. कुर्ल्याला सीएसटी रोडवरनं जुना पार्ट आणून लावायची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात काही वावगं वाटत नाही. गाडी चालतेही व्यवस्थित. मग स्मॉग टेस्टला, म्हणजे धुराच्या सरकारी तपासणीला, जाते आणि तिथे फेल होते, आणि पैसे दुसऱ्यांदा जातात.

आधी कॅलिफोर्नियाचं. इथे वापरलेला कॅट विकणं, विकायची जाहिरात देणं आणि बसवणं, तिन्हीला बंदी आहे, २००८ पासून. जंकयार्डची पावती असली तरी नाही, तुमच्याच मॉडेलच्या गाडीतला ओरिजिनल होंडाचा किंवा टोयोटाचा असला तरी नाही, मेकॅनिकने चेक करून दिला तरी नाही. असा कुठलाही फॉर्म नाही जो भरून वापरलेला कॅट कायदेशीर होतो, त्यामुळे तो शोधण्यात वेळ घालवू नका. नियम जाचक वाटतो पण त्यामागचं कारण मला पटतं. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा थर असतो, इंजिन ऑइल जाळत असेल किंवा कूलंट गळत असेल तर तो थर हळूहळू निकामी होतो आणि बाहेरून बघून काहीच कळत नाही.

मग रस्ते दोनच उरतात. एक, कंपनीचा नवीन ओरिजिनल कॅट. दोन, नवीन आफ्टरमार्केट, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेला, कॅट, पण ज्याला कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाची, म्हणजे कार्बची, मंजुरी आहे असाच. त्या मंजुरीला एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणतात, सगळे नुसतं ईओ म्हणतात, नंबर डी अक्षराने सुरू होतो. हा ईओ नंबर, पार्ट नंबर, बनवल्याची तारीख आणि एक्झॉस्ट कुठल्या दिशेने वाहतो त्याचा बाण असं सगळं कॅटवर कायमचं कोरलेलं असतं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते सांगतो. लोक ऑनलाइन बघतात, कॅटवर ईओ नंबर आहे, झालं, ऑर्डर करून टाकतात. एकाच ईओखाली खूप पार्ट नंबर असतात आणि प्रत्येक पार्ट नंबर ठराविक गाड्यांनाच मंजूर असतो. ईओ बरोबर पण पार्ट तुमच्या गाडीचा नाही, तर फेल. आणि ‘तुमची गाडी’ म्हणजे नुसतं मेक, मॉडेल, वर्ष नाही हो, इंजिनची साइज लागते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेस्ट ग्रुप, जुन्या गाड्यांवर त्याला इंजिन फॅमिली लिहिलेलं असतं. बॉनेट उघडलंत की आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर एमिशनचं स्टिकर असतं, त्यावर हा अक्षरं आणि आकडे मिसळलेला लांबलचक कोड असतो आणि गाडी कॅलिफोर्नियाच्या नियमाने सर्टिफाइड आहे की फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तेही त्याच स्टिकरवर. एकाच वर्षाच्या दोन सारख्या दिसणाऱ्या कोरोलांना वेगवेगळे कॅट लागू शकतात ते यामुळेच. त्या स्टिकरचा स्पष्ट फोटो काढा आणि विकणाऱ्याला टेस्ट ग्रुप सांगूनच पार्ट मागा. नंतर कार्बच्या साइटवर तो ईओ उघडून त्यातल्या गाड्यांच्या यादीत तुमचा टेस्ट ग्रुप आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, विकणारा ‘फिट होईल’ म्हणाला याला काही अर्थ नाही, फिट तर चुकीचाही होतो.

आणि हे स्टिकरच नेमकं बऱ्याच जणांकडे नसतं. आपली मुलं शिकायला येतात, स्वस्तात सॅल्व्हेज टायटलची, म्हणजे मोठ्या नुकसानीनंतर बाद ठरवलेली, गाडी घेतात, तिचं बॉनेट कधीतरी अपघातात बदललेलं असतं आणि स्टिकर जुन्या बॉनेटबरोबर भंगारात गेलेलं असतं. असं असेल तर अंदाजाने पार्ट मागवू नका. त्या कंपनीच्या डीलरच्या पार्ट्स काउंटरवर जा, व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, द्या, बऱ्याच गाड्यांचं स्टिकर परत मागवता येतं. डीलरशिपमधल्या माणसाला आधी कळतच नाही तुम्ही काय मागताय, तेव्हा ‘एमिशन लेबल’ असं स्पष्ट सांगा आणि चिकाटी सोडू नका.

कॅट बसवताना शॉपकडून बिलावर पार्ट नंबर आणि ईओ नंबर दोन्ही लिहून घ्या आणि वॉरंटी कार्ड मागून घ्या. कार्ब मंजूर कॅटला ५ वर्षं किंवा ५०,००० मैल वॉरंटी असते, पण कार्ड नसेल तर ती मागणार कशाच्या जोरावर. परत चोरी होऊ नये म्हणून लोक लगेच खालून लोखंडी प्लेट लावून घेतात, ते चांगलंच आहे, फक्त त्याआधी कोरलेल्या नंबरांचा फोटो काढून ठेवा आणि नंबर दिसेल अशीच प्लेट घ्या, कारण नंबर दिसला नाही तर स्मॉगवाला तपासणार काय.

हो, एक राहिलं. गाडी फार जुनी नसेल तर खिशातून पैसे घालण्याआधी वॉरंटी बघा. कॅट आपणहून खराब झाला असेल, चोरीला गेला नसेल, तर फेडरल नियमाने १९९५ पासूनच्या गाड्यांना कॅटवर ८ वर्षं किंवा ८०,००० मैल वॉरंटी आहे, आणि कॅलिफोर्नियात पीझेव्ह (अगदी कमी प्रदूषण करणारी गाडी) म्हणून सर्टिफाय झालेल्या गाड्यांना १५ वर्षं किंवा १,५०,००० मैल. प्रियसच्या कितीतरी मालकांना हे माहीतच नसतं. चोरी असेल तर इन्शुरन्स बघा, कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर भरपाई मिळते, नुसतं लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरतं, असेल तर नाही, आणि पोलीस रिपोर्ट पहिल्याच दिवशी करा.

आता स्मॉग चेक. १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी लागतो, पहिली आठ मॉडेल वर्षं सूट. इथे आपले लोक म्हणतात धूर तर स्वच्छ आहे मग फेल का केली. कारण टेस्टमध्ये डोळ्यांनी तपासणीही असते, टेक्निशियन खाली बघतो, नंबर वाचतो, चुकीचा किंवा बिननंबराचा कॅट दिसला की फेल, मशीन काहीही म्हणो. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही, त्याचं लायसन्स त्यावर असतं.

नवीन कॅट लावून लगेच दुसऱ्या दिवशी टेस्टला जाऊ नका. बॅटरी काढली किंवा चेक इंजिनचा कोड पुसला की गाडीतल्या कॉम्प्युटरचे मॉनिटर, म्हणजे त्याने स्वतः केलेल्या तपासण्यांच्या नोंदी, कोरे होतात आणि २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना फक्त इव्हॅप (पेट्रोलच्या वाफेचा) मॉनिटर अपूर्ण चालतो, कॅटचा मॉनिटर पूर्णच लागतो. काही दिवस हायवे आणि गावातलं मिळून नेहमीसारखी गाडी चालवा, स्वस्तातल्या स्कॅनरवर मॉनिटर रेडी दिसले की मगच जा.

तारखांचा घोळ तर प्रत्येक वेळी होतो. डीएमव्हीचं, म्हणजे इथल्या आरटीओचं, रजिस्ट्रेशन रिन्युअल आलं आणि स्मॉग पास झाला नाही म्हणून लोक पैसे भरायचेच थांबतात, आणि दंड लागतो. असं करू नका, फी वेळेत भरा, स्मॉग बाकी असला तरी भरा, फी वेळेत भरली की लेट पेनल्टी लागत नाही, फक्त नंबर प्लेटवरचं नवीन स्टिकर मिळायचं राहतं. त्यानंतर डीएमव्हीकडे ५० डॉलर भरून ६० दिवसांचं तात्पुरतं परमिट मागता येतं, पण ते दोन वर्षांच्या स्मॉग सायकलमध्ये एकदाच, तेव्हा पार्ट ऑर्डर झाल्यावर घ्या, आधी घेऊन वाया घालवू नका. आणि ते जे ९० दिवस सगळे ऐकून असतात ते दुरुस्तीची मुदत नाही, गाडी विकताना दिलेलं स्मॉग सर्टिफिकेट ९० दिवस चालतं त्याचे आहेत ते.

विक्रीवरून आठवलं. खाजगी माणसाकडून गाडी घेताना स्मॉग सर्टिफिकेट देणं हे विकणाऱ्याचं काम आहे, चार मॉडेल वर्षांपेक्षा नवीन गाडी किंवा जवळच्या नात्यात ट्रान्सफर सोडून. ‘ॲज इज’ (जशी आहे तशी) लिहून घेतलं म्हणून ती जबाबदारी जात नाही. नवीन आलेल्या मुलांना कोणी हे सांगत नाही, ते आधी पैसे देतात आणि मग कळतं कॅटच चुकीचा आहे. सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका रे बाबांनो.

टेक्सासहून किंवा दुसरीकडून गाडी घेऊन कॅलिफोर्नियात येणाऱ्यांनी तर आधीच खाली वाकून बघावं. इथे राहायला आल्यावर २० दिवसांत रजिस्ट्रेशन करायचं असतं आणि त्यासाठी स्मॉग लागतो. तिथे बसवलेला आफ्टरमार्केट कॅट तिथल्या नियमाने अगदी कायदेशीर असेल, इथे ईओ नाही म्हणून फेल.

आता तिथले, म्हणजे फेडरल नियम. ईपीएचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याचं, १९८६ चं धोरण आहे, त्यात वापरलेल्या कॅटला खरंच जागा आहे, पण प्रत्येक कॅट एकेक करून टेस्ट केलेला हवा आणि त्यावर कायमचं लेबल हवं. इंग्रजी यू अक्षर, तिरकी रेघ, मग ईपीएने दिलेला उत्पादकाचा कोड, मग कुठल्या गाडीसाठी त्याचा नंबर, शेवटी महिना आणि वर्ष. नवीन असेल तर यूच्या जागी एन. जंकयार्डातनं कापलेल्या कॅटवर हे यूवालं लेबल नसतं, म्हणून तो बाकी अमेरिकेतही बेकायदेशीरच, आणि टेस्ट करून लेबल लावलेला वापरलेला कॅट हाती लागणं खूप कठीण. शिवाय न्यूयॉर्क, मेन आणि कोलोरॅडो यांनीही आफ्टरमार्केट कॅटसाठी कार्बचे नियम घेतलेत, तिथल्या लोकांनी यूवर विसंबू नये.

फेडरल नियमाने आफ्टरमार्केट कॅट कधी लावता येतो तेही ठरलंय. गाडीवर कॅटच नसेल तेव्हा, सरकारी तपासणीत जुना खराब ठरला असेल तेव्हा, किंवा गाडी वॉरंटीच्या बाहेर असेल आणि बदलायचं खरं कारण लिहून ठेवलेलं असेल तेव्हा. ‘आवाज मस्त येतो म्हणून’ हे कारण नाही. नवीन कॅट जुन्याच जागी, त्याच प्रकारचा लावावा लागतो, गिऱ्हाईक आणि शॉप दोघांनी कारणाच्या कागदावर सही करायची, शॉपने कागद ६ महिने आणि काढलेला जुना कॅट १५ दिवस ठेवायचा. शॉपवाला सही मागत नसेल तर तुम्ही होऊन मागा, उद्या प्रश्न आला तर तो कागद तुमच्या बाजूने बोलतो.

पैशाची अडचण असेल तर कॅलिफोर्नियाच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरची कन्झ्युमर असिस्टन्स म्हणून मदत आहे, घरचं उत्पन्न फेडरल पॉव्हर्टी लेव्हलच्या (सरकारी दारिद्र्यरेषेच्या) २२५ टक्क्यांपर्यंत असेल आणि गाडी दोन वर्षांच्या स्मॉगला फेल झाली असेल तर अर्ज करता येतो. पण आधी अर्ज, मंजुरी आली की मगच दुरुस्ती, तीही त्यांच्या यादीतल्या शॉपमध्ये. आधी दुरुस्ती करून बिल पाठवलं तर एक पैसा मिळत नाही, आणि हे फॉर्मवर इतक्या बारीक कुठेतरी लिहिलेलं असतं की दरवर्षी लोक फसतात, याचा मला खरंच राग येतो. गाडीचा पार्टच कुठे मिळत नसेल तर स्मॉग रेफरीला, म्हणजे स्मॉगच्या अडचणी सोडवणाऱ्या सरकारी सेवेला, फोन करून वेळ घ्या, त्यांची केंद्रं कम्युनिटी कॉलेजांमध्ये आहेत आणि पार्ट शोधून द्यायची सेवा ते देतात. जाताना स्टिकरचा फोटो, फेल झालेला स्मॉग रिपोर्ट आणि डीलरने ‘मिळत नाही’ म्हणून दिलेलं काहीही लेखी असेल ते घेऊन जा.

काढलेला जुना कॅट शॉपमध्येच द्या आणि त्याची नोंद बिलावर घ्या. घरी आणून ऑनलाइन विकायला टाकू नका, वापरलेल्या कॅटच्या विक्रीला इथे आधीच बंदी आहे, त्यात १ जानेवारी २०२३ पासून कॅलिफोर्नियात जुने कॅट कोण कोणाकडून घेऊ शकतो यावर चोरीमुळे कडक नियम आलेत, आणि व्हिसावर असलेल्या माणसाने तर त्या भानगडीत अजिबात पडू नये.