सपाट वाघीण : रुळांवरची आणि मॉडेल रेल्वेतली

सपाट वाघीण (फ्लॅटकार) म्हणजे भिंती आणि छप्पर नसलेली, चाकांवर नुसता सपाट तळ असलेली मालगाडीची वाघीण. लाकडाचे ओंडके, पोलादी नळ, ट्रॅक्टर, रणगाडे, ट्रकचे ट्रेलर, पवनचक्कीची पाती, असा बंद डब्यात न मावणारा किंवा बाजूने आणि वरून चढवावा लागणारा माल तिच्यावरून जातो. मॉडेल रेल्वेच्या छंदात तिची प्रतिकृती नवशिक्यांच्या संचांतही आढळते. दिसायला ती सगळ्या वाघिणींत सोपी, पण हुबेहूब वठवायला आणि रुळांवर नीट चालवायला मोठी कठीण. तिच्यात काही झाकून ठेवायला जागाच नाही, हे त्याचे कारण. आणि खऱ्या वाघिणीचा इतिहासही बराचसा याच अडचणीतून घडला आहे.

बंद डब्याच्या भिंती भार पेलायला मदत करू शकतात. सपाट वाघिणीत सगळे वजन तळाखालच्या सांगाड्यावर येते. एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी वाघिणी मध्यभागी खचू नयेत म्हणून तळाखालून लोखंडी सळया ताणून बसवत आणि त्या सैल पडल्या की पुन्हा आवळत. पोलाद आल्यावर सळया गेल्या. त्यांच्या जागी मध्यभागी खोल आणि टोकांकडे निमुळत्या होत जाणाऱ्या, माशाच्या पोटासारख्या तुळया आल्या. अनेक वाघिणींचा तळ मुद्दाम किंचित वर बाक देऊन बनवतात. माल चढला की तो सरळ होतो. मॉडेलमध्ये नेमके उलटे घडते. पातळ प्लॅस्टिकचा तळ काही वर्षांनी मध्ये खाली झुकतो, आणि जाणकाराच्या नजरेला ते लगेच खुपते.

तळ बहुधा लाकडी फळ्यांचा असतो. माल सरकू नये म्हणून त्याच्याभोवती लाकडी ठोकळे खिळ्यांनी ठोकता यावेत, हा त्यामागचा हेतू. कडेला खुंट उभे करण्यासाठी खोबणी असतात. उत्तर अमेरिकेत उघड्या वाघिणीवर कोणता माल किती साखळ्यांनी, पट्ट्यांनी आणि खुंटांनी बांधायचा, याचे तपशीलवार नियम रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने ठरवून दिलेले आहेत.

अमेरिकन यादवी युद्धात १८६४ साली पीटर्सबर्गच्या वेढ्यात 'डिक्टेटर' नावाची १३ इंची उखळी तोफ मजबूत केलेल्या सपाट वाघिणीवर चढवून वापरली गेली. पुढच्या काळावर मात्र तोफांपेक्षा सर्कशीचा प्रभाव जास्त पडला. पी. टी. बार्नमची सर्कस १८७२ साली रेल्वेने फिरू लागली. सर्कशीचे गाडे एका टोकाने चढवायचे आणि वाघिणींमधल्या फटींवर पत्रे टाकून गाडीभर पुढे ढकलत न्यायचे, अशी ही पद्धत. विसाव्या शतकाच्या मध्याला ट्रकचे ट्रेलर वाघिणींवर चढवताना हीच पद्धत कामी आली आणि तिला 'सर्कस पद्धत' हेच नाव राहिले. १९५५ साली स्थापन झालेल्या ट्रेलर ट्रेन कंपनीने अशा वाघिणी अनेक रेल्वे कंपन्यांना सामाईक पुरवल्या. दोन ट्रेलर एकामागे एक मावावेत म्हणून लांबी वाढत ८९ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे २७ मीटरपर्यंत, गेली.

मालाप्रमाणे तिची रूपे बदलली. दोन्ही टोकांना उभ्या भिंती असलेली वाघीण ओंडक्यांसाठी. मधोमध लांबीभर जाळीदार कणा असलेली कापीव लाकडासाठी. मध्ये खोलगट तळ असलेली उंच यंत्रांसाठी. श्नाबेल वाघिणीत तर तळही उरत नाही. अजस्र ट्रान्सफॉर्मर दोन अर्ध्या वाघिणींच्या मध्ये पकडला जातो आणि स्वतःच वाघिणीचा भाग बनतो. उत्तर अमेरिकेतल्या अशा एका वाघिणीला ३६ आस आहेत.

मॉडेलमध्ये सर्वाधिक प्रचलित प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्यात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. लांबी ८७ पटींनी घटते, पण वजन घटते ८७च्या घनाने, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पटींनी. ३० टनांची, १६ मीटर लांब वाघीण या हिशेबाने ४५ ग्रॅमची भरेल. इतकी हलकी वाघीण रुळांवर टिकत नाही. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन संघटनेची एचओसाठी शिफारस अशी : मुळात १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. तेवढ्याच वाघिणीला हे सुमारे १३० ग्रॅम होतात. बंद डब्यात वजनाची पट्टी आत चिकटवली की झाले. इथे आतच नाही! म्हणून कोणी तळाखालचा सांगाडा धातूचा ओततात, कोणी शिशाचे तुकडे मालाच्या पोटात दडवतात.

ही अडचण खेळातली आहे असे समजू नये. लांब, रिकाम्या सपाट वाघिणी जड गाडीच्या पुढच्या भागात जोडल्या, तर वळणावर ताणलेली दोरी जशी कोपरा कापून सरळ होऊ पाहते, तशा त्या आतल्या बाजूला ओढल्या जाऊन घसरू शकतात. खऱ्या गाडीतही आणि टेबलावरही, कारण तेच. टेबलावर वळणे फारच तीव्र असतात : संचातल्या ठरावीक वळणाची त्रिज्या सुमारे ४६ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात अवघी ४० मीटर. ८९ फुटी वाघिणीचे एचओ मॉडेल ३१ सेंटिमीटर भरते. लांबीच्या तिप्पट त्रिज्या ठेवावी, हा हौशी लोकांचा ठोकताळा पाळण्याजोगा आहे. तो जमत नसेल तर कपलिंग, म्हणजे वाघिणी एकमेकींना जोडणारा आकडा, तळाऐवजी बोगीला, म्हणजे तळाखालच्या वळत्या चाकगाड्याला, जोडतात. वाघीण वळते, पण रूप बिघडते.

खेळण्यांच्या जगाने या वाघिणीला निराळा मान दिला. खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या लायोनेल कंपनीने १९५०च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे तिच्यावर हेलिकॉप्टर आणि क्षेपणास्त्रे बसवली. प्रमाणशुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ती रुचत नाहीत. तरी सपाट वाघीण म्हणजे फिरता रंगमंच, हे त्या खेळण्यांनी अचूक ओळखले होते.

माल भरलेले मॉडेल उठून दिसते, पण बारीक काम पाहायचे तर रिकामे पाहावे. परतीच्या खऱ्या वाघिणीच्या तळावर उखडलेले ठोकळे, तुटलेल्या पट्ट्या, गंजलेले खिळे पडलेले असतात. फळ्या उन्हापावसाने राखाडी झालेल्या असतात आणि बदललेली एखादी नवी फळी पिवळट उठून दिसते. चांगला कारागीर प्रत्येक फळी वेगळ्या छटेत रंगवतो. वजन लपवायला तेव्हा माल नसतो. ते सारे तळाखाली, दोन तुळयांमधल्या बोटभर जागेत बसवावे लागते.