शाई-परीक्षण

फाउंटन पेनात भरायची एखादी शाई ठरावीक पेनाने ठरावीक कागदावर वापरून तिचा रंग, प्रवाह, वाळण्याचा वेळ, पाण्यात व उन्हात टिकण्याची ताकद आणि पेनाला होणारा त्रास यांची नोंद करणे आणि ती नोंद, जमल्यास शाईच्या नमुन्यासकट, इतर हौशी मंडळींपुढे ठेवणे, याला शाई-परीक्षण म्हणतात. परीक्षण शाईचे म्हणवले जात असले, तरी प्रत्यक्षात तपासला जातो तो शाई, निब आणि कागद या तिघांचा संसार. पुण्यात त्यात चौथी हवा येते. म्हणून 'ही शाई चांगली आहे' एवढेच लिहिलेल्या परीक्षणाला किंमत नाही. कोणत्या निबने, कोणत्या कागदावर आणि कोणत्या महिन्यात, हे सांगितल्यावरच ते वाचण्याजोगे होते.

शाईत काय असते

फाउंटन पेनाची शाई म्हणजे मुख्यतः पाणी. त्यात विरघळलेला रंग, पाण्याचा पृष्ठताण उतरवणारा साबणाच्या जातीचा किंचित अंश, निब लगेच सुकू नये म्हणून ग्लिसरिनसारखे काही आणि बुरशी रोखणारे द्रव्य, एवढाच मसाला. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण 20 अंश सेल्सिअसला सुमारे 73 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. तो तसाच ठेवला तर शाई फीडच्या, म्हणजे निबखालच्या शाई पोचवणाऱ्या तुकड्याच्या, बारीक खाचांतून नीट उतरत नाही. फार उतरवला तर ती निबवरून ओघळते आणि कागदात फुटते. परीक्षक 'ओली' किंवा 'कोरडी' शाई म्हणतात ती या दोन टोकांमधली जागा. बाटलीत दोन्ही सारख्याच पातळ दिसतात.

रंग विरघळलेला नसून अतिबारीक कणांच्या रूपात तरंगत असेल, तर ती पिगमेंट शाई. तिसरा प्रकार लोहाच्या शाईचा. मायफळासारख्या, झाडावर धरणाऱ्या तुरट गाठींतले टॅनिन आणि हिराकस (लोहाचे सल्फेट) यांपासून ती होते. लिहिताना तिच्यातले लोहसंयुग फिके असते. हवेतला ऑक्सिजन लागला की ते काळे पडते आणि पाण्यात विरघळेनासे होते. तोवर अक्षर दिसावे म्हणून तिच्यात निळा रंग घालत, आणि 'निळी-काळी' हे नाव तिथूनच आले. ही शाई आम्लधर्मी असल्याने साध्या पोलादी निबला ती हळूहळू खाते. तिच्यासाठी भारतीय मानक 220 आहे व त्यात लोहाचे प्रमाण 0.1 टक्का धरले आहे. रंगद्रव्याच्या साध्या शायांसाठी मानक 1221. मानकाने बाटलीची पात्रता कळते, पण त्या शाईत लिहिलेला 'घ' कसा दिसेल हे कळत नाही. परीक्षणाचे काम तिथे सुरू होते.

पुण्यातील पूर्वपीठिका

पुण्याला शाईची पारख नवी नाही. पेशवाईतल्या कारकुनाची शाई काजळी आणि डिंकाची असे. बोरूने ती जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावर उतरत असे. कसबा पेठेतल्या कागदीपुऱ्याला नाव मिळाले ते कागद करणाऱ्या कागदी लोकांवरून. पेशवे दफ्तरातली मोडी अक्षरे आजही काळीभोर आहेत, कारण काजळीतला कार्बन उन्हाने उडत नाही. मात्र हीच शाई हौसेने फाउंटन पेनात भरली, तर डिंक फीडच्या खाचा बुजवतो आणि पेन कायमचे जाते. दौतीतल्या टाकाला आणि खिशातल्या पेनाला एकच शाई चालत नाही, हा या विषयाचा पहिला धडा आहे, आणि तो बहुतेकांनी एक पेन गमावून घेतलेला असतो.

1931 मध्ये दि. प. दांडेकर यांनी मुंबईत 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. पुढची कॅमलिन ती हीच, आणि मराठी घरांतली 'कॅमल'ची बाटलीही तिचीच. त्याच वर्षी अमेरिकेत पार्करची 'क्विंक' बाजारात आली. 'क्विक' आणि 'इंक' हे दोन शब्द जोडून तिचे नाव केले होते, म्हणजे लवकर वाळणे हाच तिचा विकण्याचा मुद्दा होता. बॉलपेन आल्यावर शाईची बाटली शाळेच्या दप्तरापासून दुरावली. गेल्या काही वर्षांत ती परत आली ती हौस म्हणून. जपानी पायलट कंपनीच्या इरोशिझुकू शाया (2007), 1864 मध्ये सुरू झालेल्या, लिव्हरपूलच्या डायमाइनच्या शाया आणि केरळातल्या कृष्णा शाया ही नावे आता अप्पा बळवंत चौकात वह्या घ्यायला आलेल्यांच्या तोंडीही ऐकू येतात. जुनी पेने शोधणारे बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात फिरतात. तिथे मिळालेल्या पेनात नवी शाई भरण्याआधी ते धुण्यातच एक संध्याकाळ जाते.

चाचणीची रीत

पहिली पायरी फराट्याची. कापूस लावलेली काडी शाईत बुडवून कागदावर एकदा, मग त्यावरच दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा फिरवतात. एका थरात दिसणारा मोरपंखी रंग तिसऱ्या थराला काळपट निळा होतो, आणि शाईची खोली कळते. शीन, म्हणजे निळ्या शाईवर दिसणारी लालसर धातूसारखी झाक, ही जाड थरातच येते. काचेच्या टाकाने लिहिलेली ओळ रंग दाखवायला ठीक आहे, पण प्रवाहाबद्दल ती काहीच सांगत नाही, कारण शाई फीडमधून आलेलीच नसते. तरी निम्मी परीक्षणे काचेच्या टाकावरच उरकलेली दिसतात.

खरी चाचणी लिहिण्याची. परदेशी परीक्षक इंग्रजी वर्णमालेची सगळी अक्षरे येणारे एखादे वाक्य लिहितात. देवनागरीला ते पुरत नाही, कारण देवनागरीत सगळ्यात कडक परीक्षक शिरोरेषा आहे. शब्द लिहून झाला की हात मागे नेऊन ती ओढतात, आणि त्या वेळी निब अजून ओल्या असलेल्या दंडांच्या माथ्यांवरून जाते. शाई कोरडी असेल तर 'महाराष्ट्रभर'सारख्या लांब शब्दाची रेघ शेवटाला फिकी पडते, नाहीतर मध्येच तुटते. ओली असेल तर दंड आणि रेघ मिळतात तिथे गाठ धरते. शीन असलेल्या शाईची लाल झाक पहिल्यांदा या गाठींतच सापडते. पानभर मराठी लिहिले की ओळींच्या डोक्यावर लाल ठिपक्यांची माळ उमटते. हे दृश्य इंग्रजी परीक्षणांत दिसणार नाही.

त्याहून बोलकी आहेत 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म'. यांच्यातला फरक डोक्यावरच्या केसभर फटीचा. शाई जरा फुटली की फट बुजते, 'धन'चे 'घन' होते आणि 'भात' लिहिला तर 'मात' वाचावा लागतो. 'ळ', 'क्ष', 'ण्ण', 'ष्ट्र' यांतली पोटे मिटतात का, हेही पाहायचे. युरोपी मीडियम निबला ही अक्षरे जड जातात. जपानी निबा एक नंबर बारीक येत असल्याने त्यांच्यात तीच शाई सभ्य वागते. म्हणून निबचा नुसता 'एफ' (बारीक) किंवा 'एम' (मध्यम) लिहून भागत नाही, पेनाचे नावही द्यावे लागते. मोडी येत असेल तर एक ओळ मोडीतही लिहावी. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गांना गेलेले अनेक जण पुण्यात आहेत. मोडीत शिरोरेषा आधी ओळभर आखतात, अक्षरे तिला खाली टांगतात आणि हात फारसा उचलत नाहीत. न उचलता पाच-सहा शब्द जाणारी शाई प्रवाहात पास.

वाळण्याचा वेळ बोटाने मोजतात. रेघा ओढून पाच, दहा, पंधरा सेकंदांनी एकेकीवर बोट फिरवायचे. डावखुऱ्यांनी लिहिलेली परीक्षणे या बाबतीत अधिक विश्वासार्ह असतात, कारण त्यांचा हात ओळीवरून स्वतःच फिरतो. पाण्याची चाचणी दोन प्रकारची: वाळलेल्या अक्षरावर थेंब ठेवून मिनिटभराने टीपकागदाने टिपणे आणि कागद सरळ नळाखाली धरणे. प्रस्तुत नोंदकाराने एकदा बँकेचा अर्ज अतिशय देखण्या जांभळ्या शाईत भरला होता. जूनच्या पहिल्या सरीत तो पिशवीसकट भिजला आणि खिडकीपाशी पोचला तेव्हा त्यावर फक्त छापील मजकूर उरला होता.

उन्हाच्या चाचणीसाठी फराट्याची पट्टी अर्धी झाकून दक्षिणेच्या खिडकीत चिकटवतात. लाल शायांतला इओसिन हा रंग उन्हाला भित्रा आहे आणि काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. रंगांचे विलगीकरणही सोपे आहे. टीपकागदाच्या पट्टीवर शाईचा ठिपका ठेवून टोक पाण्यात बुडवले की पाणी वर चढताना मिश्रणातले रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. काळ्या शाईतून जांभळा, पिवळा, निळा असे पट्टे निघतात. ज्या तत्त्वावर हे चालते त्याच्या कामासाठी मार्टिन आणि सिंज यांना 1952 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पण परीक्षकांत ही चाचणी बरीचशी गंमत म्हणूनच केली जाते.

हवा आणि कागद

पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा 40 अंशांकडे जातो आणि हवा ठणठणीत कोरडी होते. त्या दिवसांत टोपण काढून मिनिटभर विचार करत बसले तर निब सुकते आणि पहिला दंड उमटत नाही. हा दोष शाईचा समजून तिला नापास करणारे पुष्कळ. जुलै-ऑगस्टमध्ये उलटे होते. तीच शाई वाळायला कितीतरी जास्त वेळ घेते, दमट कागदावर फुटते, आणि भरपूर शीनच्या शाया गुळगुळीत कागदावर दोन आठवड्यांनीही बोटाला लागतात. म्हणून वाळण्याच्या सेकंदांपुढे महिना लिहायची पद्धत चांगली आहे. थेट नळीत शाई भरायच्या देशी एबोनाइट (कडक रबराच्या) पेनांत आणखी एक भानगड असते. शाई अर्ध्याखाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि पेन ओकते. ओकलेल्या पेनावरून शाईला 'फार ओली' ठरवणे अन्यायाचे आहे.

कागदाबाबत हौशी परीक्षणांत एक लबाडी शिरली आहे. जपानी टोमोए रिव्हरसारख्या, चौरस मीटरला 52 ग्रॅम भरणाऱ्या तलम कागदावर जवळपास कोणतीही शाई देखणी दिसते, कारण तो शाई पिऊन न घेता वर धरून ठेवतो. पुण्यातला माणूस लिहितो शाळेच्या वहीत, कार्यालयातल्या 70-75 ग्रॅमच्या झेरॉक्सच्या कागदावर, सोसायटीच्या नोंदवहीत. तिथे शेडिंग, म्हणजे एकाच रेघेतला फिका-गडद खेळ, मावळते, शीन तर नाहीच, आणि मागच्या पानावर ठिपके उमटतात. परीक्षणात एक चांगला आणि एक रोजचा असे दोन कागद असलेच पाहिजेत. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद दिसायला मोहक, पण त्याला खळ कमी-जास्त असते. एकाच तावावर शाई एका कोपऱ्यात फुटते आणि दुसऱ्यात नाही, त्यामुळे तुलनेसाठी तो कुचकामी.

नमुने आणि छायाचित्रे

शाईचा खरा रंग दुसऱ्यापर्यंत पोचवणे हा या छंदातला सर्वांत कठीण भाग. फोनचा कॅमेरा जांभळ्याला निळे करतो आणि मोरपंखीला आकाशी. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेले छायाचित्र तर बाद समजावे. सकाळी खिडकीपाशी, थेट ऊन टाळून काढलेले बरे. त्याहून चांगली युक्ती म्हणजे त्याच कागदावर शेजारी सर्वांकडे असलेल्या शाईचा, समजा साध्या रॉयल ब्लूचा, एक फराटा ओढणे. पाहणाऱ्याच्या घरी ती बाटली असतेच. तो स्वतःच्या कागदावरच्या रॉयल ब्लूशी छायाचित्रातला ताडून पाहतो आणि नव्या रंगाचा अंदाज बांधतो.

छायाचित्राने भागत नाही तेव्हा दोन-तीन मिलिलिटरचा नमुना देतात. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनातल्या शाई ओढून घ्यायच्या नळीत, साधारण अर्धा ते एक मिलिलिटर शाई मावते, म्हणजे एवढ्यात दोन-तीनदा तरी पेन भरून होते. मोजायला मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज आणि भरायला होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या चालतात. बाटली मात्र गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, कारण गोळ्यांची साखर राहिली तर आठवडाभरात आत बुरशीचा पांढरा तरंग दिसतो. चिठ्ठीवर शाईचे नाव आणि भरल्याची तारीख, तीही पेन्सिलीने, म्हणजे शाई सांडली तरी वाचता येते. पेनात उरलेली शाई मूळ बाटलीत परत ओतणे हे या मंडळींत मोठे पाप समजतात. दोन शाया एकत्र करणे त्याहून मोठे, कारण आम्लधर्मी आणि अल्कधर्मी शाया भेटल्या की तळाशी गाळ बसतो.

पेन किती धुण्यांत स्वच्छ झाले, हा आकडा परीक्षणाच्या शेवटी देतात. धुण्यासाठी बॅटरीत घालायला मिळते ते डिस्टिल्ड पाणी (आम्ल नव्हे) वापरतात. सहा-सात वेळा पाणी ओढून सोडल्यावरही कन्व्हर्टर गुलाबी राहिला, तर ती शाई पारदर्शक पेनात भरू नये असे लिहिले जाते. सहा महिन्यांनंतरची दुसरी नोंद फार थोडे परीक्षक करतात. तोवर खिडकीतली पट्टी निम्मी उडालेली असते, लोहाच्या शाईने निबवर तांबूस डाग धरलेला असतो आणि एप्रिलमध्ये कोरडी म्हणून बाजूला ठेवलेली बाटली पावसाळ्यात पुन्हा उघडलेली असते.