कडाक्याचा हिवाळा : माणसं तगली कशी, आणि कुठे हरली

थंडीनं माणसं सर्वांत जास्त कुठे दगावत असतील, असं विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी सायबेरिया किंवा फिनलंड येईल. १९९७ साली युरोपातल्या निरनिराळ्या प्रदेशांमधल्या हिवाळी मृत्यूंचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला आणि चित्र वेगळंच निघालं. पारा सारखाच उतरला, तरी उबदार प्रदेशांत मृत्यू अधिक वाढत होते आणि कायम थंडीत राहणाऱ्या भागांत कमी. कारणं अगदी घरगुती होती. उबदार प्रदेशांतली घरं आतून गार राहत होती, आणि बाहेर पडताना माणसं टोपी, हातमोजे, जाड कोट घालत नव्हती. पोर्तुगाल आणि स्पेन हे सौम्य हवेचे देश हिवाळ्यातल्या जादा मृत्यूंच्या बाबतीत आजही फिनलंडच्या पुढे असतात.

माझ्या मते या विषयाची खरी किल्ली इथेच आहे. थंडी किती पडते यापेक्षा ती पडण्याआधी कुणी काय करून ठेवलं आहे, आणि ते एकेकट्यानं केलं की सगळ्यांनी मिळून, यावर जीव वाचणं अवलंबून राहिलं आहे. काटक शरीराचं कौतुक फार होतं. इतिहास मात्र शिवणकामाचा, सरपणाचा, चाऱ्याच्या गंजींचा आणि शेजाऱ्यांच्या हातभाराचा आहे.

सुरुवात सुईपासून करावी लागते. नेढं असलेल्या हाडाच्या सुया सायबेरियात सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या सापडल्या आहेत. नुसतं कातडं पांघरणं आणि अंगाबरोबर शिवलेला कपडा घालणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण वारा शिरतो तो फटीतून. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलुखात राहणाऱ्या इन्युइट लोकांच्या बायकांनी ही कला ज्या टोकाला नेली, तिला तोड नाही. कॅरिबू या रानटी रेनडिअरचे केस आतून पोकळ असतात, त्यामुळे त्यांत हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. पण कातडं कुठल्याही दिवसांतलं चालत नाही. उन्हाळ्यात केस तोकडे असतात, भर हिवाळ्यात फार लांब होऊन झडतात, म्हणून शरदातल्या शिकारीचं कातडं निवडलं जाई. पोशाख दोन थरांचा असे, आतल्या थराचे केस अंगाकडे आणि बाहेरच्याचे बाहेर. सीलच्या कातड्याचे बूट प्राण्याच्या स्नायुतंतूंनी शिवत. ओला झाला की हा दोरा फुगतो आणि टाक्याचं भोक बुजवून टाकतो. घरात शिरण्याआधी अंगावरचा बर्फाचा कण न् कण काठीनं झटकायचा, हा नियम पक्का. आत गेल्यावर तो वितळला की कपडा ओला होणार, आणि ओला कपडा अंगातली ऊब शोषून घेतो. घरातल्या बाईचं शिवणकाम कच्चं असेल तर शिकारीला गेलेला पुरुष परत येण्याची खात्री नसे. उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांच्या गोष्टी सांगताना या बायकांची नावं फारशी कुणी घेतली नाहीत, याची मला खंत वाटते.

याच मुलुखात १८४५ साली उत्तरेकडून सागरी वाट शोधायला इंग्लंडहून निघालेल्या फ्रँकलिन मोहिमेतली सर्व १२९ माणसं संपली. आजार, उपासमार, बर्फात अडकलेली जहाजं अशी कारणं त्यामागे अनेक होती. पण ज्या परिसरात ती मेली तिथे इन्युइट कुटुंबं लेकराबाळांसह राहत होती. पुढे नॉर्वेचा शोधप्रवासी रोआल आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात इन्युइटांच्याच नेत्सिलिक गटाच्या शेजारी राहिला, त्यांच्यासारखे कपडे घालायला आणि कुत्र्यांची गाडी हाकायला शिकला. १४ डिसेंबर १९११ रोजी तो दक्षिण ध्रुवावर पोचला आणि सोबत्यांसह सुखरूप परतला.

घरांचा इतिहास लांबलचक आहे, पण त्यामागची सूत्रं थोडी. ऊब वर चढते आणि गारवा खाली बसतो. म्हणून बर्फाच्या घराचं दार खालच्या पातळीवर आणि झोपायचा ओटा उंचावर. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालच्या नळ्यांतून खेळवून अख्खी खोली तापवली जाई; रशियात विटांची अजस्र भट्टी दिवसातून एकदा पेटवली की रात्रभर धग देई आणि म्हातारी माणसं तिच्याच माथ्यावर झोपत. सायबेरियातल्या साखा लोकांनी लाकडी घराला बाहेरून माती आणि शेण लिंपलं, गोठा घराला जोडून घेतला आणि खिडकीला काचेऐवजी नदीतल्या बर्फाची लादी बसवली.

मंगोलियाकडे मात्र थांबून पाहायला हवं. तिथे झुड नावाचं संकट येतं. कधी बर्फाचा जाड थर चारा झाकून टाकतो, कधी मध्येच वितळून पुन्हा गोठलेल्या पाण्याचं कडक कवच गवतावर बसतं आणि जनावराचं खूर ते फोडू शकत नाही. मात्र जनावरं हिवाळ्यात मरत असली तरी दुखणं आधीच्या उन्हाळ्यात सुरू झालेलं असतं. पाऊस कमी झाला की गवत खुंटतं आणि जनावर पुरेशी चरबी न साठवताच थंडीला सामोरं जातं. त्यावर पशुपालकांचा जुना उपाय होता तो दूरच्या कुरणात स्थलांतर करण्याचा. दुसऱ्या टोळीच्या कुरणात शिरायचं तर त्यांची मुभा हवी. ती मिळे, कारण पुढच्या वर्षी हीच पाळी त्यांच्यावर येऊ शकत होती.

समाजवादी राजवटीत सामुदायिक पशुपालन संस्था आल्या. त्यांचे दोष असतील, पण राखीव चारा, गोठे आणि पशुवैद्य यांची सोय त्यांनी केली होती. १९९० नंतर त्या मोडल्या आणि जनावरं खासगी झाली. बेकार झालेली अनेक शहरी कुटुंबं पशुपालनाकडे वळली. काश्मिरी लोकरीला भाव म्हणून शेळ्या वाढल्या. १९९० च्या सुमारास अडीच कोटींच्या आसपास असलेली जनावरं तीस वर्षांत सात कोटींच्या घरात गेली, राखीव चारा मात्र नाहीसा झाला. २००९-१० च्या झुडमध्ये सुमारे एक कोटी जनावरं मेली. २०२३-२४ मध्ये पुन्हा ७० लाखांहून जास्त. कळप गेला की कुटुंब उलानबातरच्या कडेला तंबू ठोकतं आणि कोळसा जाळून हिवाळा काढतं. त्या धुरानं ही राजधानी हिवाळ्यात गुदमरते.

२००६ पासून तिथे एक विमा योजना आली. तिची रचना मला फार शहाणपणाची वाटते. भरपाई एकट्याचं नुकसान मोजून मिळत नाही. त्या तालुक्यात जनावरं किती टक्के मेली यावर ठरते. त्यामुळे आपली जनावरं वाचवण्यासाठी धडपडणाऱ्याचा तोटा होत नाही.

वादळाचा इशारा ही त्या मानानं अलीकडची गोष्ट. १२ जानेवारी १८८८ ला अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशात सकाळ इतकी उबदार उजाडली की लोक साध्या कपड्यांत शेतावर गेले, मुलं शाळेत गेली. दुपारी हिमवादळ आलं आणि दोनशेहून अधिक जीव गेले, त्यांत कितीतरी शाळकरी मुलं. हवामानाचा अंदाज देण्याचं काम तेव्हा सैन्याकडे होतं आणि एकेकट्या शेतघरांपर्यंत इशारा पोचवायची सोयच नव्हती. त्या भागात घर आणि गोठा यांच्यामध्ये दोर बांधून ठेवत. हिमवादळात स्वतःच्या अंगणातही वाट चुकून माणूस गोठत असे. दोनच महिन्यांनी पूर्व किनाऱ्यावरच्या वादळानं न्यूयॉर्क ठप्प झालं. तिथे तारा जमिनीखाली नेण्याला त्यानंतर वेग आला आणि भुयारी रेल्वेची मागणीही बळावली. १९०४ साली ती सुरू झाली.

विसाव्या शतकात ऊब नळातून आणि तारेतून येऊ लागली. ही मोठी सुटका होती, विशेषतः सरपण गोळा करणाऱ्या बायका-मुलांची. पण आधार एका ठिकाणी एकवटला. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडात पाऊस पडता पडताच गोठत गेला आणि बर्फाच्या ओझ्यानं विजेचे मनोरे कोसळले. लाखो लोक अंधारात गेले, काही गावं आठवड्यांमागून आठवडे. ज्यांच्याकडे लाकडाची शेगडी होती त्यांच्या घरी शेजारी मुक्कामाला आले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये ४५ लाखांवर घरं आणि दुकानांची वीज गेली. नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि नळ गोठले, वायू नाही म्हणून वीज नाही, आणि वायू खेचणाऱ्या यंत्रांनाही वीज हवी होती. राज्याचं वीजजाळं शेजाऱ्यांपासून जवळजवळ तुटलेलं असल्यानं बाहेरून फारशी मदत येऊ शकली नाही. सरकारी मोजणीत २४६ मृत्यू झाले. बरेच जण घरातच गारठून गेले. काहींनी ऊब मिळावी म्हणून गाडीचं इंजिन किंवा कोळशाची शेगडी बंद जागेत चालू ठेवली आणि कार्बन मोनॉक्साइडनं त्यांचा घात केला. २०११ च्या थंडीनंतरच यंत्रणा थंडीसाठी सज्ज करण्याच्या शिफारशी झाल्या होत्या. त्या बंधनकारक केल्या गेल्या नाहीत. कायदा झाला तो माणसं मेल्यावर, २०२१ मध्ये. यात निसर्गाचा दोष कमी आणि टाळाटाळीचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिळून केलेली तयारी पाहायची तर जपानच्या पश्चिमेला, ‘जपानचा समुद्र’ आहे त्या बाजूला जावं. निइगाता प्रांतातल्या ताकादा इथे २६ फेब्रुवारी १९४५ ला ३७७ सेंटिमीटर बर्फ साचलेला नोंदला गेला. जुन्या काळी ‘ताकादा याखाली आहे’ अशी पाटी बर्फावर रोवत, असं सांगतात. तिथल्या जुन्या बाजारपेठेत प्रत्येक घरमालकानं स्वतःच्या मालकीच्या जागेवर पुढे वळचण काढली आणि ती वाट सर्वांना मोकळी ठेवली. दारापुढच्या वळचणी एकमेकींना जुळल्या आणि बर्फाखाली गाडलेल्या रस्त्याकडेनं गावभर चालत जाता येऊ लागलं. मधल्या एकानं जागा दिली नसती तर साखळी तुटली असती. शिराकावा गावात उंच उतरत्या छपराचं गवत बदलायला शंभर-दोनशे माणसं लागत. ती गावातूनच आळीपाळीनं, बिनमजुरी येत.

आता तिथली तरुण मुलं शहरांत आहेत. छपरावरचा बर्फ वेळेत काढला नाही तर घर मोडतं, म्हणून पंचाहत्तरीतली माणसं शिडी लावून वर चढतात. २००५-०६ च्या हिवाळ्यात जपानात बर्फामुळे १५२ जण गेले. त्यांतले बहुतेक वृद्ध होते, आणि बहुतेक बर्फ काढतानाच गेले. नगरपालिका बर्फ उपसण्यासाठी अनुदान देतात, बाहेरगावचे स्वयंसेवक येतात, छपरावर चढणाऱ्यांनी कमरेला दोर बांधावा आणि एकट्यानं चढू नये म्हणून सांगितलं जातं. तरीही ज्या आळीत तीनच घरं उघडी आणि तिन्हींत एकेकटं म्हातारं माणूस, तिथे दोराचं दुसरं टोक धरायला कुणाला बोलवायचं, हा प्रश्न दर डिसेंबरात नव्यानं उभा राहतो.