राणीच्या नवऱ्याचा हक्क किती? १५५४ च्या एका विवाहकराराची पार्श्वभूमी

१९ जुलै १५५३ रोजी लंडनमध्ये इंग्लंडची राणी म्हणून मेरी ट्यूडरच्या नावाने द्वाही फिरली, तेव्हा ती ३७ वर्षांची आणि अविवाहित होती. राज्याला वारस हवा, म्हणून लग्न लवकर होणे भाग होते. पण इंग्लंडच्या रूढ कायद्यात लग्नानंतर बायकोच्या मालमत्तेवर नवऱ्याचा ताबा येई. तिच्या नावे जमीन असेल आणि मूल जिवंत जन्मले असेल, तर ती मेल्यावरही नवरा हयातभर त्या जमिनीचा उपभोग घेऊ शके. हाच नियम कोणी राज्याला लावला तर? राणी गेली तरी परका राजा सिंहासनावर तसाच राहणार. कॅथलिक मेरीच्या लग्नाला झालेल्या विरोधात धर्माचा भाग मोठा होता हे खरेच, पण जमीनजुमल्याच्या कायद्यातून आलेली ही धास्तीही तितकीच खरी होती. या धास्तीबद्दल फार कमी बोलले जाते.

मेरीच्या आजोळी, स्पेनमध्ये, या प्रश्नावर आधीच वाट काढलेली होती. तिची आजी इसाबेला हिने डिसेंबर १४७४ मध्ये, नवरा फर्डिनांड आरागॉनमध्ये असताना, सेगोव्हियात स्वतःला कास्तिलची राणी जाहीर करून घेतले. मिरवणुकीत तिच्यापुढे नागवी तलवार धरली होती. ही बातमी ऐकून नवऱ्याकडची मंडळी बिथरली, आणि जानेवारी १४७५ मध्ये पती-पत्नींत करार झाला: कागदपत्रांवर आधी त्याचे नाव, पण राजचिन्हांत आधी कास्तिल, नेमणुका आणि किल्ल्यांच्या निष्ठेच्या शपथा मात्र तिच्या. १५०४ मध्ये इसाबेला वारली तेव्हा फर्डिनांडचे कास्तिलचे राजेपद संपले, आणि मुलगी हुआना राणी झाली. पुढे मात्र १५०६ मध्ये हुआनाच्या नवऱ्याने आणि बापाने आपसांत ठरवून तिला कारभारातून दूर ठेवले. ती वेडी आहे असे सांगितले गेले, आणि १५०९ पासून ती तोर्देसियासच्या वाड्यात कोंडली गेली. मेरीचा करार लिहिला जात होता तेव्हा हुआना अजून तिथेच, जिवंत होती. ती मेरीची मावशी आणि नियोजित वराची सख्खी आजी. करार करणाऱ्या दोन्ही घरांना राणीचे काय होऊ शकते हे ठाऊक होते.

वर होता स्पेनचा राजपुत्र फिलिप, मेरीहून ११ वर्षांनी लहान. नोव्हेंबर १५५३ मध्ये पार्लमेंटचे शिष्टमंडळ राणीला भेटले आणि इंग्रज नवरा करावा अशी विनंती केली. तिने ती फेटाळली. १२ जानेवारी १५५४ रोजी करारावर सह्या झाल्या. त्यातली कलमे वाचताना एकेक दार बंद होताना दिसते. फिलिपला राजा हा किताब मिळेल, पण इंग्लंडमधली पदे परक्यांना देता येणार नाहीत. राणीला तिच्या इच्छेविरुद्ध देशाबाहेर नेता येणार नाही. राज्याचे जडजवाहीर, जहाजे, तोफा बाहेर जाणार नाहीत. सम्राट (फिलिपचा बाप पाचवा चार्ल्स) आणि फ्रान्स यांच्या युद्धात इंग्लंड ओढले जाणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राणी निपुत्रिक मेली तर फिलिपचा राज्यावर कसलाही हक्क उरणार नाही. एक जागा मात्र सैल राहिली: राज्यकारभारात तो राणीला ‘मदत’ करील, असे म्हटले होते. मदत म्हणजे किती, हे कोणी लिहिले नाही. फिलिपने त्याच महिन्यात स्पेनमध्ये एक गुप्त लेख करून ठेवला की ही कलमे आपल्यावर बंधनकारक नाहीत.

एवढ्या अटी असूनही केंटमधून बंडखोर लंडनवर चालून आले. १ फेब्रुवारीला राणीने गिल्डहॉलमध्ये स्वतः भाषण करून शहर आपल्या बाजूला ठेवले आणि बंड मोडले.

त्यानंतर एप्रिलमध्ये जो कायदा झाला, त्यावर आजही वाद आहे. विवाहकराराला मंजुरी देणाऱ्या कायद्याबरोबरच आणखी एक छोटा कायदा संमत झाला: राजाला जे जे अधिकार आहेत ते ते सर्व राणीलाही, तेवढेच आणि तसेच. राजमुकुट नऊ महिने तिच्याकडे असताना ही गरज आत्ताच का पडली? सरळ अर्थ असा की नवरा येण्याआधी सत्ता बायकोच्याच हातात आहे हे पक्के करायचे होते. काही दशकांनी लिहिलेली एक आठवण वेगळे सांगते. जुने कायदे फक्त ‘राजा’वर बंधने घालतात, राणीचा त्यांत उल्लेखच नाही, म्हणून तिने मन मानेल तसे राज्य करावे, असा सल्ला देणारे टिपण कोणीतरी मेरीला दिले, तिने ते आगीत टाकले, आणि ही पळवाट बुजवण्यासाठी कायदा आणला. म्हणजे एका वाचनात हा कायदा राणीचे रक्षण करतो, दुसऱ्यात तिला वेसण घालतो. मला दोन्ही एकत्र खरे वाटतात. राजाइतकाच अधिकार म्हणजे राजाइतकेच बंधन, आणि ही बरोबरी मेरीने मान्य केली. तिचे नाव निघाले की जिवंत जाळलेले सुमारे २८० प्रॉटेस्टंट आठवतात. ते विसरता येणार नाही, विसरूही नये. पण इंग्लंडमध्ये राणीचे राज्य कायद्याच्या कागदावर तिच्याच काळात उतरले, एलिझाबेथच्या नव्हे. हे श्रेय तिला मिळायलाच हवे.

२५ जुलै १५५४ रोजी विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये लग्न लागले. वर दर्जाने कमी पडू नये म्हणून बापाने त्याला नेपल्सचे राज्य देऊन टाकले होते. नव्या शिलिंगवर दोघांचे चेहरे समोरासमोर आले, वर मुकुट एकच. कागदपत्रांत फिलिपचे नाव आधी येई, पण इंग्लंडमध्ये त्याचा राज्याभिषेक कधीच झाला नाही.

करार टिकला का? युद्धाच्या बाबतीत नाही. मार्च १५५७ मध्ये फिलिप परत आला तो फौज मागायला. सल्लागारांनी करारातले कलम पुढे केले, पण फ्रान्सहून आलेल्या एका इंग्रज परागंदाने स्कारबरोचा किल्ला घेतला आणि त्यांना माघार घ्यावी लागली. जूनमध्ये युद्ध जाहीर झाले. जानेवारी १५५८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे कॅले बंदर गेले, १३४७ पासून इंग्रजांकडे असलेले. वारशाच्या बाबतीत मात्र करार पूर्ण टिकला. १७ नोव्हेंबर १५५८ रोजी मेरी निपुत्रिक वारली आणि त्याच क्षणी फिलिपचे इंग्लंडमधले राजेपद संपले. त्याने तक्रार केली नाही. उलट नव्या राणीला, मेरीची धाकटी बहीण एलिझाबेथ हिला, मागणी घातली. तिने नकार दिला. तिनेही पुढे फ्रेंच राजपुत्राशी लग्नाची बोलणी केली तेव्हा थोरल्या बहिणीचाच करार नमुना म्हणून समोर ठेवला होता.

अशी कलमे नसली तर काय होते ते स्कॉटलंडने दाखवले. तिथल्या मेरीने १५५८ मध्ये फ्रान्सच्या युवराजाशी लग्न करण्याआधी, आपण निपुत्रिक मेलो तर राज्य फ्रान्सला जावे, अशा गुप्त कागदांवर सह्या केल्या. दुसरा नवरा डार्नली याला राजा म्हणून जाहीर केले, पण राणीनंतरही टिकणारा हक्क त्याला दिला नाही. तोच हक्क मिळण्याच्या आशेने तो मार्च १५६६ मध्ये राणीच्या चिटणिसाच्या खुनाच्या कटात सामील झाला. वर्षभरात त्याचाही खून झाला, आणि जुलै १५६७ मध्ये राणीला गादी सोडावी लागली.

बहुतेक राजवधूंच्या वाट्याला अर्थातच राज्य नव्हते, फक्त आंदण होते. आपल्याला माहीत असलेले उदाहरण १६६१ चे: पोर्तुगालच्या कॅथरीनबरोबर दुसऱ्या चार्ल्सला टँजियर, मोठी रोकड आणि मुंबई मिळाली. मुंबई प्रत्यक्ष हाती यायला १६६५ उजाडले, आणि १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिली गेली.

१६८९ मध्ये इंग्लंडने उलटा निर्णय घेतला. हक्क वंशाने दुसऱ्या मेरीचा, म्हणजे पदच्युत राजाच्या मुलीचा, अधिक जवळचा होता, पण तिचा नवरा विल्यम याने बायकोच्या हाताखाली राहणार नाही असे स्पष्ट सांगितले. दोघांना संयुक्त राजा-राणी केले आणि कारभाराचा संपूर्ण अधिकार एकट्या विल्यमला दिला. मेरी १६९४ मध्ये वारली. विल्यम १७०२ पर्यंत राजा राहिला. १५५४ मध्ये ज्याची भीती होती तेच पार्लमेंटने स्वतःच्या हाताने केले. नवरा प्रॉटेस्टंट होता आणि फौज घेऊन आला होता, म्हणून ते खपले.

मेरीची धाकटी बहीण ॲन हिच्या वेळी गाडी पुन्हा रुळावर आली. १७०२ मध्ये ती राणी झाली तेव्हा नवरा, डेन्मार्कचा जॉर्ज, राजा झाला नाही. त्याला आरमाराचे सर्वोच्च पद मिळाले, आणि राणी आधी गेली तर वर्षाला १ लाख पौंडांची तरतूद पार्लमेंटने केली. पूर्वी अशी सोय राजांच्या विधवांसाठी होत असे.